नऊ फुल्या

५ जानेवारी २०२५, रविवार

आलो एकदाचा नाशिकला! मनमाडहून टेम्पो सकाळी नऊला निघाला आणि साडेअकराला इंदिरानगरात दारात उभा. सामान थोडं, पुस्तकं फार. हमालांनी सोळा खोकी वर चढवली. सतराव्याला एक जण कमरेवर हात ठेवून म्हणाला की सर, हे वाचून झालं असेल तर खालीच ठेवू का. मी त्याला दहा मिनिटं ग्रंथांचं महत्त्व सांगितलं. त्याने मुकाट्याने खोकं उचललं. ऐकण्यापेक्षा ते हलकं वाटलं असावं.

दोन खोल्या, पूर्वेला खिडकी, खिडकीखाली बदाम. घरमालक फारुखभाईंचं खाली झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. जुलेखाभाभींनी लगेच चहा आणि खारी पाठवली. फारुखभाईंनी मनमाडला माझी दोन भाषणं ऐकली आहेत. म्हणाले, सर, घरात जरा हळू बोला, नाहीतर गिऱ्हाईक जिन्यातच थांबेल आणि माझा फॉर्म राहील.

संध्याकाळी स्वतः चहा केला. दोन कपबश्या काढल्या, सवयीने. लता बशीत ओतल्याशिवाय चहा पीत नसे. मनमाड स्टेशनच्या बुकिंग खिडकीवर तीस वर्षं काढली तिने. दोन गाड्यांच्या मध्ये चहा निवायला वेळ कुठला? तिला जाऊन नोव्हेंबरात वर्ष झालं.

इथे मी सुखाने काम करीन असं वाटतं.

६ जानेवारी

टेबल लावलं, संगणक जोडला. सभा भरवणाऱ्या आमच्या मंडळाने दिलेला, जुना पण चालतो.

काम तेच, तीस वर्षांचं. माणूस गेला की आमच्या वस्त्यांमधून पुण्यानुमोदनाची सभा होते आणि गेलेल्याबद्दल बोलायला वक्ता लागतो. तो मी. मास्तरकी करत करत चारशे बारा सभा केल्या. प्रत्येकीची नोंद वहीत आहे : तारीख, नाव, आडनाव, गाव, घरच्यांचा पत्ता, फोन. कुठल्याही नावावर बोट ठेवा, सभा कुठे झाली आणि कोण हुंदके देत होतं ते मी सांगेन. स्मरणशक्ती हीच माझी इस्टेट.

आता मंडळाने नवी पद्धत काढली आहे. घरचे लोक गेलेल्या माणसाचा परिचय मंडळाच्या संकेतस्थळावर भरतात, त्याची फाईल होते. मी ती वाचायची आणि मग बोलायचं. मी वाचत नाही, हे इथे लिहायला हरकत नाही. काय वाचायचं? आमच्या माणसाचं आयुष्य मला पाठ आहे. पहाट, जातं, चुलीचा धूर, जोडलेलं लुगडं आणि शेवटी शिकलेली मुलं. पुरुष असेल तर जात्याच्या जागी फावडं. नाव तेवढं बदलायचं. हे खोटं नाही! अख्ख्या समाजाचं दुःख मी एका नावावर ठेवतो आणि त्या नावाला मोठं करतो. लोक रडतात ते उगाच?

एकच कटकट. मंडळाचं पान उघडलं की फायली पडद्यावर न दिसता आपोआप संगणकात उतरून बसतात. फारुखभाई म्हणाले, ब्राउझरची खोड आहे, सेटिंगमधून बंद होते, सांगा तेव्हा करून देतो.

एकलहऱ्याच्या भिकन साळवेचा फोन. त्याच्या आईचा, रंगूबाईचा, तिसरा स्मृतिदिन २७ तारखेला. मी बोलायचं आहे. तीन वर्षांपूर्वी मीच बोललो होतो. औष्णिक केंद्राच्या वसाहतीतला मांडव, मागे चिमण्यांचा धूर. होकार दिला.

९ जानेवारी

एक खोडसाळपणा झाला आहे.

आज संगणक लावल्याबरोबर एक फाईल उतरली. नाव : केरू पगारे, एकलहरे. केरूला जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हा हे परिचय वगैरे काही नव्हतं. उघडली. दीड पान, आणि केरूच्याच तोंडचं.

सर, तुम्ही म्हणालात मी आयुष्यभर राबलो. मी लय आळशी होतो. ठेकेदार दिसला की कोळशाच्या ढिगाआड जायचो. तिथं बासरी वाजवायचो. कुणाला माहीत नाही, बायकोलाबी नाही. फावडं म्हणालात तवा लोक रडले, पण ते फावड्याला रडले. बासरीचं सांगायचं होतं.

खाली सही नाही.

कोण हे लिहितं? मेलेला माणूस लिहीत नाही. आत्मा नाही, भूत नाही, हे मी शेकडो व्यासपीठांवरून सांगितलं आणि अंगात आलेल्यांसमोर उभा राहून सांगितलं. म्हणजे हा जिवंत माणूस आहे, माझा दुस्वास करणारा आहे आणि त्याला लिहिता बरं येतं.

फाईल काढून टाकणार होतो. बासरीमुळे राहू दिली.

१२ जानेवारी

रोज एक. काल येवल्याचा शिंपी, आज देवळालीच्या भागीबाई.

तुम्ही मला माउली म्हणालात. मला मूल नव्हतं सर. दिराची पोरं होती, ती मागं बसून हसली. मला सिनेमा आवडायचा. एकटीनं जायची, तिकीट ब्लाउजमध्ये ठेवायची. घरच्यांना वाटायचं विहारात गेली.

मी वाचत बसलो आणि चहा निवून गेला. ती सभा मला लख्ख आठवते. मागे पोरं हसत होती तेव्हा मला वाटलं माईक खरखरतो आहे.

दुपारी मनालीचा पुण्याहून फोन. पप्पा, भाजी खाताय की नुसती भाकरी आणि भाषण? आई असती तर तुमचा डबा उघडून बघितला असता, असं म्हणाली. लेक आईचाच आवाज काढते. मी फायलींचं काही बोललो नाही.

१४ जानेवारी

जुलेखाभाभींनी तिळगूळ दिला. संगणक सकाळपासून लावला नाही. कारण लिहितो, या वहीशी तरी खोटं बोलू नये.

एक दिवस लताची फाईल येईल. सभांच्या नोंदवहीत तिचंही नाव आहे.

ती माझ्या प्रत्येक सभेला शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसायची. भाषण लांबलं की चष्मा काढून पदराने पुसायची. तो चष्मा निघाला की मी दोन वाक्यांत आवरतं घ्यायचो. लोकांना वाटायचं मला वेळेचं भान आहे. तो चष्मा इथे टेबलाच्या खणात आहे.

तिच्या सभेत मीच बोललो. दुसरा कोण बोलणार? उभा राहिलो, मांडव भरलेला, आणि तोंडातून तेच निघालं. पहाट, जातं, चुलीचा धूर. लता पदवीधर होती. जातं तिने पाहिलं तरी होतं का? पहिल्या रांगेत मनालीने मान खाली घातली. मला ते दिसलं, पण थांबता येईना. शेवटच्या रांगेत चष्मा पुसणारं कोणी नव्हतं. पाऊण तास बोललो.

फाईल आली तर ती मला काय म्हणेल? खोडसाळ माणसाने लिहिलेली असली तरी माझ्याने ती वाचली जाणार नाही.

जायच्या आदल्या दुपारी तिने दवाखान्यात मला जवळ बोलावून एक गोष्ट सांगितली होती. कुणालाही सांगितलेली नाही, मनालीलासुद्धा नाही. ती इथे लिहून ठेवायची आहे. आज हात दुखतो आहे. उद्या लिहीन.

१५ जानेवारी

आज दोन फायली, दोन्ही मी न उघडता ठेवल्या आणि मग संतापाने खाली गेलो. फारुखभाईंना म्हटलं, मी असा कुणाला भिणारा नाही, पण माझ्या टेबलावर माझ्या परवानगीवाचून कोणी कागद टाकायचा नाही. मी उभं आयुष्य परवानगीवाचून लादलेल्या गोष्टींशी लढलो! ते म्हणाले, सर, लढाई नको, दोन मिनिटांचं काम आहे.

वर आले. सेटिंग उघडलं. आधी त्यांनी प्रत्येक फाईल उतरण्यापूर्वी विचारेल असं केलं. मी म्हटलं, विचारायलाही नको. मग त्यांनी मंडळाचं पान अडवलेल्यांच्या यादीत टाकलं. आता तिथून काहीही आलं तरी उतरणार नाही. वरच्या कोपऱ्यात तांबडी फुली दिसेल, काहीतरी रोखलं एवढंच कळेल. कोणाचं, काय, ते नाही. रोखलेलं परत मिळतं का, असं मी विचारलं. म्हणाले, ना, दारावरनं गेलं ते गेलं.

सुटलो. लताची फाईल आता येणार नाही.

१६ जानेवारी

एक फुली. सकाळी सव्वादहाला. इथेही काढून ठेवतो : ×

१८ जानेवारी

काल दोन, आज एक : × × ×

मन शांत आहे. भाषणांच्या पुस्तकाची प्रस्तावना सुरू केली. फारुखभाई जिन्यातून ओरडून म्हणाले, सर, आज लय शांत, तब्येत बरी ना!

१९ जानेवारी

×

दुपारी, चहा घेताना. बशीत ओतून प्यायलो. अशी सवय मला कधी होती? टेबलावर दुसरी कपबशीही काढलेली. कोणी येणार होतं का?

२२ जानेवारी

× × ×

प्रस्तावना झाली. चांगली झाली. एकटा माणूस नीट काम करतो.

२४ जानेवारी

×

टेबलाच्या खणात एक चष्मा सापडला. बाईचा, एका दांडीला दोरा गुंडाळलेला. खाली नेऊन जुलेखाभाभींना दाखवला. त्यांचा नाही. आधीच्या भाडेकरूचा असेल म्हणाल्या. मग म्हणाल्या, पण सर, टेबल तर तुमच्या टेम्पोतून आलं.

२७ जानेवारी

सकाळी वही उघडली तर ६ तारखेच्या पानावर : एकलहरे, भिकन साळवे, आई रंगूबाई, आज स्मृतिदिन. मला काही आठवेना. मांडव म्हणे, चिमण्यांचा धूर म्हणे. माझं अक्षर, पण डोक्यात काही नाही. वय झालं असं समजून नाशिकरोडहून रिक्षा केली.

भिकनने दार उघडलं. जयभीम केला, पाणी दिलं. ना मांडव, ना माणसं. मी म्हटलं, आज तुझ्या आईचा स्मृतिदिन. तो हसला. सर, कुणी सांगितलं तुम्हाला, आमचं घर चुकला तुम्ही. मला आत्यानं वाढवलं. आईचं मला काय म्हाईत नाय. रंगूबाई कोण, असं त्याने बायकोला हाक मारून विचारलं. तिलाही माहीत नाही.

भिंतीवर फोटो होता. म्हातारी बाई, नाक अगदी भिकनचं. हार ताजा. हा कुणाचा, मी विचारलं. भिकन फोटोपाशी गेला. घर घेतलं तवापासून हाय, म्हणाला. काढावा वाटत नाय. मग म्हणाला, हार कोण घालतं ते बघितलं पाहिजे.

त्याच्या बोटांना झेंडूचा पिवळा रंग लागलेला होता.

२८ जानेवारी

मला दिसतं आहे काय झालं ते. मान्य करायला जीभ धजत नाही. ही जीभ!

फाईल आली, रोखली, की तो माणूस गेला. सगळ्यांच्या डोक्यातून. माझ्याही. केरूची उतरली होती : केरू मला आठवतो, भागीबाई आठवतात. रंगूबाईची मी रोखली. शाई तेवढी राहते.

ती माणसं मला छळायला येत नव्हती. कुणीतरी एकदा नीट वाचावं, एवढ्यासाठी दारात उभी होती. आणि मी —

फारुखभाईंना धावत बोलावलं. अडवणूक काढली. ते घाबरून म्हणाले, सर, बसा आधी, रंग बघा तुमचा. पान उघडलं. एक फाईल उतरली. वाचली, उभ्याने, मोठ्याने. सिन्नरचा विडीवाला. त्याला पोहायचं होतं, आयुष्यात एकदा.

पण ती नऊ परत येत नाहीत. नऊ फुल्या मोजल्या, पुन्हा मोजल्या.

३० जानेवारी

नोंदवही घेऊन बसलो आहे. बोट ठेवायचं, आठवतं का बघायचं. चारशे बारा नावं. जे नाव कोरं लागेल ते त्या नऊजणांतलं.

आतापर्यंत सहा. पत्ता, आडनाव, गाव सगळं लिहिलेलं आहे. फोन केले. मुलगा म्हणतो, राँग नंबर. एका घरी म्हातारा उचलतो, त्याच्या बायकोचं नाव विचारलं तर म्हणतो, लग्न नाय केलं मी. मागून त्याची नात ओरडते, आजा, कुणाचा फोन. फोन खाली ठेवला तरी ते ऐकू येत होतं.

१ फेब्रुवारी

आठ. आठवा चांदवडचा. त्याचे कोणी उरलेलेच नाहीत. म्हणजे आता त्याला जगात कुणीही नाही, माझ्या वहीतली एक ओळ सोडली तर.

नववं सापडत नाही. शेवटची चार पानं राहिली आहेत.

२ फेब्रुवारी

मनालीचा फोन. तिच्या कपाटात तीन साड्या सापडल्या, जुन्या, घड्या उकलल्या तर कापराचा वास. तिच्या नाहीत, सासूच्याही नाहीत. पप्पा, तुम्हाला काही माहीत आहे का. मला काय माहीत असणार? म्हटलं, देऊन टाक कुणाला. ती म्हणाली, देववत नाही हो. का ते कळत नाही. वास घेतला आणि रडत बसले येड्यासारखी.

मी तिला विचारणार होतो की —

काय विचारणार होतो?

३ फेब्रुवारी

सापडलं. शेवटून दुसरं पान. नोव्हेंबर २०२३, मनमाड.

नाव : लता. बस एवढंच.

आडनाव नाही. चारशे बारा नावांत हे एकच असं. मी आडनाव लिहायला चुकत नाही, कधीच नाही. कोरं आहे. कुठला मांडव, कोण रडलं, काही नाही. पत्ताही नाही, घर कुठे शोधू? आडनावावाचून कुणाचं नाव लिहितो माणूस? ज्याचं आडनाव सांगावं लागत नाही त्याचं. म्हणजे आपल्या —

४ फेब्रुवारी

ही वही पहिल्या पानापासून वाचली.

अक्षर माझं. लता माझी बायको होती असं दिसतं. मनालीची आई. वाचतो आहे आणि आत काहीच हलत नाही — एखाद्या परक्या घरच्या सभेला आल्यासारखं.

तिच्याबद्दल जे सापडेल ते वेगळ्या कागदावर उतरवतो. परिचय. जन्मात पहिल्यांदा आधी वाचून —

चहा बशीत ओतून प्यायची.

बुकिंगची खिडकी, मनमाड, तीस वर्षं. पदवीधर.

शेवटची रांग. दाराजवळ. चष्मा पुसायची.

तिच्या सभेत मी जातं म्हणालो.

चार. एवढंच? एक महिना वही लिहिली आणि ती चार ओळींत — बाकी सगळीकडे मीच. माझी खोकी, माझा आवाज, माझा संताप. डोळे कसे होते ते नाही. मला काय म्हणून हाक मारायची, ते नाही —

थांब. पाचवी आहे. १४ जानेवारी. शेवटच्या पाचसहा ओळी. तिने जवळ बोलावून सांगितलेली गोष्ट. कुणालाही न सांगितलेली. उद्या लिहीन.

पंधरा तारखेचं पान. फारुखभाई. सेटिंग. लढाई. — नाही.

सोळा. फुली. अठरा. नाही. एकोणीस, बशी — नाही —

सगळी पानं पुन्हा बघितली. मागून पुढे. लिहिलंच नाही मी. उद्या म्हणालो आणि —

चष्मा समोर ठेवला आहे. दारात, खुर्चीवर, मागच्या रांगेत असतो तसा. लता, तू मला सांगितलं होतंस की